जुन्या स्पोर्ट्स कारची ऑइल लाईट पेटली किंवा काटा पडला, तर आधी काय बघायचं आणि इंजिन कधी खोलायचं

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये गोव्याहून चोर्ला घाट चढून बेळगावला येत होतो, गाडी माझी १९६७ ची एमजी बी, पाऊस असा की वायपर पुरत नव्हते. कणकुंबीच्या अलीकडे एका वळणात सहज डॅशकडे नजर गेली तर ऑइल प्रेशरचा काटा, जो चालत्या गाडीत कायम ५० पीएसआयच्या (दाबाचं एकक, पाउंड प्रति चौरस इंच) वर असतो, तो ३० वर. वळण संपलं की थोडा वर यायचा, पुढच्या वळणात परत खाली. कणकुंबीत चहासाठी गाडी हळू केली तेव्हा आयडलिंगला काटा जवळजवळ शून्यावर टेकला आणि मी तिथेच चावी फिरवून इंजिन बंद केलं. जांबोटीपर्यंत तरी हळूहळू जाऊया असा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण नाही गेलो. भावाला फोन केला, तो जीप आणि दोर घेऊन आला, रात्री अकराला घरी पोचलो.

महिनाभर आधी हाच काटा आयडलिंगला थोडा खाली दिसायला लागला होता आणि तेव्हा एका मिस्त्रींना दाखवली होती गाडी. ते म्हणाले "एनू आगंगिल्री, गेज जुनं झालंय", म्हणजे काही होत नाही हो. मी ऐकलं. आणि बरोबर याच्या उलट माझ्या कोल्हापूरच्या दोस्ताचं झालं, त्याच्या जुन्या पोर्शेचा काटा वेडावाकडा नाचायला लागला म्हणून गॅरेजवाल्याने थेट चेंबर (इंजिनच्या तळाचा ऑइलचा डबा) उतरवून बेअरिंगं काढली, सगळी चांगली निघाली, दोष होता सेन्सरच्या आर्थिंगमध्ये. एकाने न मोजता सोडून दिलं, दुसऱ्याने न मोजता खोललं. प्रेशर खरंच किती आहे हे दोघांनीही मोजलं नाही. म्हणून हे सगळं लिहायला बसलोय, क्रमाने.

लाईट पेटली त्या क्षणी

इंजिन बंद. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नाही, घाट उतरेपर्यंत नाही. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) आणि बेअरिंगच्या मध्ये ऑइलचा एक पातळ थर असतो, तो थर प्रेशरने टिकतो, तो गेला की धातूवर धातू घासतो आणि मग हिशोब मिनिटांचा नाही, त्याच्याही आत निकाल लागतो. क्लच दाबा, गाडी वेगात आहे तोवर कडेला घ्या. पण चावी काढू नका, काढली तर स्टिअरिंग लॉक होईल. आणि इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर एकदोन दाबातच संपतो, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं, तेव्हा ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच नीट दाबून थांबा.

थांबल्यावर बॉनेट उघडायच्या आधी मोबाईलमध्ये चार गोष्टी लिहून ठेवा, नंतर आठवत नाहीत. लाईट पेटली तेव्हा इंजिन गरम होतं का थंड, आरपीएम किती, गाडी सरळ होती का वळणात का ब्रेक मारताना, आणि खालून ठकठक असा जड आवाज येत होता का. फक्त वळणात किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लाईट लुकलुकत असेल तर ऑइल एका बाजूला जातंय आणि ऑइल पंपाच्या नळीचं तोंड हवेत उघडं पडतंय. याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे लेव्हल कमी. आवाज येत असेल तर मात्र पुढचं काहीही करू नका, स्टार्टसुद्धा करू नका, गाडी उचलूनच न्या.

डिपस्टिक, पण नीट

सपाट जागा, इंजिन बंद करून पाचदहा मिनिटं, काडी पुसून परत घालून मग वाचायची. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण जुन्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ ला हे चालत नाही, तिची ऑइलची टाकी वेगळी आहे, ड्राय संप म्हणतात तो प्रकार, तिचं ऑइल इंजिन पूर्ण गरम आणि आयडलिंगला चालू असताना मोजायचं. थंड गाडीत काडी कोरडी दिसली म्हणून लोक दोन लिटर जास्त ओततात आणि मग एअर फिल्टरमध्ये ऑइल.

लेव्हल बघताना काडीचा वास पण घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय आणि पातळ ऑइल प्रेशर धरत नाही. हेराल्ड किंवा स्पिटफायरसारख्या मेकॅनिकल फ्युएल पंप असलेल्या गाडीत पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं. चोक अडकून राहिला, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय, तरी तेच. लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, काहीतरी आत येतंय. काडीवरच दुधाळ ऑइल असेल तर पाणी मिसळतंय, हेड गॅस्केटकडे बघा. फक्त भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस असेल तर आपल्याकडे पावसाळ्यात टिळकवाडी ते कॅम्प एवढंच गाडी फिरवली की तो येतोच, इंजिन पूर्ण गरम होत नाही आणि वाफ तिथे जमते, एक लांब फेरी मारली की जातो.

लेव्हल जास्त झाली तरी वाईट, क्रँक ऑइलमध्ये घुसळतं, फेस होतो, आणि पंप फेस ओढायला लागला की काटा थरथरतो.

तुमच्या डॅशवर जे आहे ते नक्की काय मोजतंय

इथे बरेच जण फसतात. तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे नुसती लाईट. तिच्यामागे एक साधा स्विच, प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेलं की तो लाईट लावतो. म्हणजे ४ ते ७ पीएसआय. हे किती कमी आहे बघा, ५० पीएसआय लागणाऱ्या इंजिनला १० च मिळतंय तरी लाईट बंदच राहणार. लाईट नाही म्हणजे सगळं ठीक असं अजिबात नाही. जुन्या गोल्फ जीटीआयमध्ये म्हणूनच दोन स्विच दिलेत, एक ०.३ बारचा आणि एक १.८ बारचा, दुसरा २००० आरपीएमच्या वर लक्ष ठेवतो आणि प्रेशर कमी असेल तर बझर वाजवतो. तो बझर वाजतो म्हणून वायर काढून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्यात, तसं करू नका.

दुसरा प्रकार खरा गेज. त्यातही दोन जाती, एक इलेक्ट्रिक सेन्सरवाला आणि एक माझ्या एमजीसारखा, ज्यात ब्लॉकपासून डॅशपर्यंत बारीक नळीतून ऑइलच जातं. हा नळीचा गेज सहसा खोटं बोलत नाही. फक्त त्या नळीला ब्लॉकजवळ एक रबरी होजचा तुकडा असतो, तो पन्नास वर्षांनी तडकतो आणि फुटला तर इंजिनचं ऑइल रस्त्यावर. तो तुकडा नवीन टाका, आजच.

तिसरा प्रकार नावापुरता गेज. माझदा एमएक्स-५ मध्ये १९९० ते ९४ पर्यंत खरा सेन्सर होता, १९९५ पासून त्याच काट्याच्या मागे नुसता स्विच बसवला. थोडंसं प्रेशर आलं की काटा मधोमध जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. असा काटा अगदी स्थिर दिसतो म्हणून इंजिन फिट आहे असं समजणारे आहेत. आरपीएम वाढवल्यावर काटा हलतो का बघा, हलतच नसेल तर तो गेज नाही, लाईटच आहे काट्याच्या वेषात.

एककांचा पण घोळ असतो. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे १४.२, तेव्हा बार आणि किलो ढोबळमानाने एकच धरले तरी चालतं, पण पीएसआयचा आकडा बारच्या गेजवर शोधू नका.

वायर आणि सेन्सर, अर्ध्या तासाचं काम

चावी ऑन, इंजिन बंद, लाईट पेटली पाहिजे. नाही पेटली तर बल्ब गेलाय किंवा वायर तुटलीय, म्हणजे इतके दिवस तुम्ही पहारेकऱ्याशिवाय गाडी चालवत होता. आता स्विचवरची वायर काढा, लाईट विझायला हवी. वायर काढूनही पेटलेलीच राहिली तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झालीय, प्रेशरचा काही संबंध नाही. मग तीच वायर ब्लॉकला टेकवा, लाईट पेटली की सर्किट ठीक.

व्हीडीओ कंपनीच्या गेजचा सेन्सर, जो बऱ्याच जर्मन गाड्यांत असतो, तो शून्य प्रेशरला साधारण १० ओहम आणि फुल स्केलला १८० च्या आसपास दाखवतो. म्हणजे वायर निघाली तर काटा पूर्ण वर जातो आणि वायर ग्राऊंडला (गाडीच्या बॉडीला) लागली तर शून्यावर. म्हणून चालताचालता काटा एकदम वरच्या टोकाला जाऊन चिकटला तर घाबरू नका, आधी वायरीचं लग बघा. अमेरिकन पद्धतीच्या सेन्सरमध्ये उलट असतं, शून्याला २४० ओहम आणि फुलला ३३, तिथे वायर निघाली की काटा शून्य. तुमचा कुठल्या जातीचा हे न बघता निष्कर्ष काढला की चुकणारच. ग्राऊंड करून बघताना वायर क्षणभरच टेकवा.

सेन्सरची आर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच होते. कोणीतरी लीक थांबवायला भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला की आर्थिंग जाते आणि काटा वेडावाकडा नाचतो. दोस्ताच्या पोर्शेला हेच होतं, सेन्सर काढला, टेप सोलली, आटे पुसले, परत बसवला, काटा जागेवर. आणि त्यासाठी बेअरिंगं काढली होती. आपल्या खानापूर, जांबोटीकडच्या पावसात कनेक्टरमध्ये हिरवी पुटकुळी येते ती पण घासून काढा.

एक लक्षात ठेवा, सेन्सर चांगला निघाला म्हणजे इंजिन वाईट असं सिद्ध होत नाही, आणि नवीन सेन्सर टाकून लाईट गेली म्हणजे इंजिन चांगलं असंही नाही. त्यासाठी पुढची पायरी.

खरा गेज लावा, यात आपलं बेळगाव नशीबवान आहे

बाकी शहरात लोक ऑनलाइन टेस्ट किट मागवतात. आपल्याकडे उद्यमबाग आहे. हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात ० ते १० बारचा ग्लिसरीन भरलेला गेज, हाय प्रेशर होज आणि अडॅप्टर मिळतो, नाहीच मिळाला तर शेजारचा लेथवाला तासाभरात करून देतो. फक्त जुना स्विच काढून सोबत घेऊन जा, कारण आटे वेगवेगळे असतात. जपानी गाड्यांना बहुतेक १/८ इंची, इंचाला २८ आट्यांचा टेपर (निमुळता), जर्मनला एम१० बाय १ किंवा एम१२ बाय १.५, अमेरिकनला १/८ एनपीटी २७ आट्यांचा. २७ चा नट २८ मध्ये दोन आटे जातो आणि मग बसतो, जोर लावला की ब्लॉकचे आटे गेलेच म्हणून समजा.

होज एग्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब बांधा, तारेने बांधा, नुसती लोंबकळत ठेवू नका, गरम मॅनिफोल्डवर ऑइल उडालं तर आग लागते. स्टार्ट केल्यावर पहिल्यांदा जोडांना लीक आहे का बघा.

आता रीडिंग. थंड स्टार्टचं एक घ्या, मग गाडी वीस मिनिटं खऱ्या रस्त्यावर चालवा, गॅरेजमध्ये उभी करून नाही, कारण पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल गरम व्हायला अजून बराच वेळ लागतो. मी काकतीवरून वंटमुरी घाट चढून परत येतो, तेवढ्यात ऑइल व्यवस्थित तापतं. परत येऊन आयडलिंग, १०००, २०००, ३००० अशी चार रीडिंगं लिहा. सोबत ऑइलचा ग्रेड आणि तारीख.

किती यायला हवं? तुमच्या गाडीचं मॅन्युअल शेवटचा शब्द. एमजी बीच्या पुस्तकात चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ दिलंय, म्हणजे गरम आयडलिंगला १५ दिसले तर रडायचं कारण नाही. मॅन्युअल नसेल तर जुने लोक दर हजार आरपीएमला १० पीएसआय असा अंदाज धरतात, कामापुरता ठीक आहे पण त्यावरून इंजिन खोलायचा निर्णय घेऊ नका.

आकड्यांवरून काय कळतं

थंडीत चांगलं, गरम झाल्यावर सगळीकडे कमी, तर पहिला संशय ऑइलवर. २०डब्ल्यू-५० लागणाऱ्या इंजिनात कोणी १०डब्ल्यू-३० भरलं असेल तर १०० डिग्रीला त्याचा घट्टपणा ५० नंबरच्या ऑइलच्या अर्ध्याच्या जवळ येतो. ऑइल, फिल्टर बदला आणि परत मोजा. ऑइल बरोबर असूनही तसंच असेल तर बेअरिंग किंवा पंप झिजलाय.

आयडलिंगला बरं पण आरपीएम वाढवला की प्रेशर वाढतच नाही, एका आकड्यावर अडकतं, तर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे प्रेशर ठराविक आकड्याच्या वर गेलं की जास्तीचं ऑइल परत सोडणारी झडप. त्याच्या सीटवर कचरा बसला किंवा स्प्रिंग मेली. उलट थंडीत ७ बारच्या पुढे जातंय आणि उतरत नाही तर तोच व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलाय, फिल्टरची सील फुटू शकते.

सुरुवातीला ठीक आणि आरपीएम वर ठेवला की काही सेकंदात पडायला लागतं, काटा थरथरतो, तर पंपाला ऑइल पुरत नाहीये. पंपाच्या नळीच्या तोंडावरची जाळी तुंबलीय, नळीच्या जोडातून हवा ओढतेय, किंवा चेंबर खालून चेपलंय. हे शेवटचं आपल्याकडे फार होतं, या गाड्या जमिनीला लागून आणि गावाबाहेरचे स्पीडब्रेकर ट्रॅक्टरच्या मापाचे. चेंबरला पोचा आला की तळ जाळीला जाऊन भिडतो.

स्टार्ट केल्यावर पाचसहा सेकंद प्रेशरच नाही, मग एकदम ठीक, तर फिल्टर रिकामा होतोय. नंतरच्या एमजी बींना फिल्टर उलटा लटकवलाय, रात्रभरात ऑइल खाली उतरतं, ज्या फिल्टरमध्ये ऑइल अडवणारा व्हॉल्व्ह आहे तोच वापरा.

प्रेशर कमी आलं म्हणून ऑइल घट्ट करणारी बाटली ओतायचा सल्ला सगळेच देतात. आकडा वाढेल, पण झीज तिथेच राहील आणि तुमचं मोजमाप कायमचं बिघडेल. नका ओतू.

रिलीफ व्हॉल्व्ह आधी, चेंबर नंतर

बी-सीरीज इंजिनवर, म्हणजे माझ्या एमजी बीच्या इंजिनवर, हा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे, घुमटासारख्या नटखाली आहे. नट खोला, स्प्रिंग आणि त्यामागचा कप बाहेर येतो. कपच्या तोंडावर गोल स्वच्छ रिंग उमटलेली दिसली पाहिजे, ओरखडे किंवा खड्डा असेल तर बदला. स्प्रिंगची मोकळी लांबी ३ इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर. ताणून लांब करून परत बसवणारे आहेत, वॉशर टाकणारे आहेत, दोन्ही चुकीचं. आणि ज्यांना वाटतं की एमजीचं काम इथे कोण करणार, त्यांना सांगतो, हे १७९८ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनच्याच घराण्यातलं आहे. शहापूर, खडेबाजारच्या ज्या जुन्या मिस्त्रींनी पेट्रोल अँबॅसॅडर केल्यात त्यांना हा नट डोळे मिटून सापडतो. पार्ट मात्र नंबर जुळवूनच घ्या, सगळे एकमेकांत बसत नाहीत.

माझा व्हॉल्व्ह चांगला निघाला. बाहेरच्या गेजवर गरम आयडलिंगला ५ आणि ३००० ला ३०, तेही पडत जाणारं. मग चेंबर उतरवलं. जाळीवर काळ्या सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे, निम्म्याहून जास्त जाळी बंद. वर्षभरापूर्वी एका गॅरेजमध्ये चेंबरचं गॅस्केट बदलताना ट्यूब पिळून पिळून लावली होती, बाहेर जेवढी ओघळलेली दिसते तेवढीच आत पण ओघळते, ती सुटून जाळीला बसली. तुम्ही गॅस्केट करून घेत असाल तर उभे राहा आणि सांगा, कॉर्कचं गॅस्केट आणि पातळ हात, बास.

चेंबर खाली आलंच आहे तर एक मेन बेअरिंगची आणि एक कनेक्टिंग रॉडची कॅप खोलून शेल (बेअरिंगचा अर्धगोल पत्रा) बघा. करडा मॅट रंग चांगला, तांब्याचा रंग दिसायला लागला तर गेलं. माझ्या शेलवर बारीक रेघा होत्या पण तांबं नव्हतं, कणकुंबीत थांबलो म्हणून. मेन बेअरिंगचा गॅप एक ते पावणेतीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असायला हवा, प्लास्टिगेजची पट्टी (दाबली गेली की रुंदीवरून गॅप सांगणारी मऊ पट्टी) ठेवून मोजता येतो. त्याहून जास्त असेल तर क्रँक ग्राइंडिंग आणि अंडरसाइज शेल. ते काम इथल्या मशीन शॉपमध्ये उत्तम होतं, पण प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने मोजून आकडे लिहून द्या म्हणावं. पंप खोलला तर रोटरचा एंड फ्लोट (वरखाली खेळ) पाच थाऊच्या आत, दोन रोटरच्या टोकांमधलं अंतर सहा थाऊच्या आत, बाहेरची रिंग आणि बॉडीमध्ये दहाच्या आत. आणि बसवताना पंपात व्हॅसलीन भरा, ग्रीस नाही, व्हॅसलीन गरम ऑइलमध्ये विरघळतं.

परत स्टार्ट करताना

नवीन ऑइल, फिल्टर शक्य असेल तर भरून, चारी प्लग काढून इंजिन स्टार्टरने दहा दहा सेकंद फिरवा, मध्ये स्टार्टरला विश्रांती, काटा हलेपर्यंत. काटा हलला की मगच प्लग बसवून स्टार्ट. बाहेरचा गेज अजून जोडलेलाच ठेवा, डॅशचा काटा आणि तो किती जुळतात ते लिहून घ्या, म्हणजे पुढे डॅशवर ४० दिसले की खरे किती ते कळतं. पाचशे किलोमीटरला ऑइल एकदा बदला आणि जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्यांमध्ये चकाकणारे कण आहेत का बघा, चुंबकाला न चिकटणारे पिवळसर किंवा चंदेरी कण म्हणजे बेअरिंग.

माझी आता गरम आयडलिंगला १८, ३००० ला ६०. डॅशचा गेज बाहेरच्या गेजपेक्षा ३ कमी दाखवतो. हे आकडे ग्लोव्हबॉक्समधल्या वहीत लिहिलेत, दर ऑइल बदलाला वंटमुरीची फेरी मारून खाली नवीन ओळ घालतो, आणि गाडी कुणा मिस्त्रींकडे सोडताना वही सीटवर उघडी ठेवतो.